डाव्या अंगाचं पाणी

लाकडाचं नवं क्लॅरिओनेट दुकानात आलं की मी आधी काहीच करत नाही. पेटी उघडते, झाकण बोटभर वर ठेवते, कपाटात सरकवते आणि दुसऱ्या कामाला लागते. ते लाकूड कुठल्यातरी थंड, दमट मुलखातून आलेलं असतं. त्याला आधी सोलापूरची हवा कळू दे, मग आमची गाठ. गिऱ्हाईक समोर उभं राहून “ताई, एक फुंक तरी मारून बघू द्या की,” म्हणत असतं. मी त्याच्या हातात चहाचा कप देते. कप हातात असला की माणूस वाद्याला हात लावत नाही, हे वडिलांनी शिकवलेलं.

आमचं दुकान फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे जो माणूस काळी उभी नळी तोंडाला लावून गाण्याचा मुखडा उचलतो, ती नळी म्हणजे क्लॅरिओनेट. जिल्हाभरातले बँडवाले ती घेऊन माझ्याकडे येतात. डीजे आल्यापासून गर्दी कमी झाली, पण थांबलेली नाही. ट्रंपेटमध्ये पाल अडकलेली मी काढली आहे. सॅक्सोफोनमधून नवरीच्या बहिणीची जोडवी काढली आहेत. ती तिथे कशी गेली हे विचारायचं नाही, असा दुकानाचा नियम आहे. नियम मला आवडतात. कामाच्या याद्याही आवडतात. दुकान उघडल्यावर करायच्या कामांची यादी भिंतीवर चिकटवलेली आहे आणि यजमान तिला ‘आरती’ म्हणतात, कारण मी ती रोज मनात म्हणते.

नवं लाकूड रुळवणं हे त्यातलं सगळ्यात चिकाटीचं काम. बाहेरच्या माणसाला ते असं सांगता येईल: नवं लाकूड आतून कोरडं असतं आणि माणसाचा श्वास गरम, ओला. एकदम तासभर वाजवलं तर आतली बाजू पाणी पिऊन फुगते, बाहेरची बाजू आमच्या उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत राहते, आणि त्या ओढाताणीत लाकूड फाटतं. म्हणून सुरुवातीला रोज अगदी थोडं वाजवायचं, खालचे शांत स्वर, आणि लगेच दोऱ्याला बांधलेलं फडकं आतून ओढून पुसायचं. सांधे सुटे करून ठेवायचे. पेटीत मोसंबीच्या सालीचा तुकडा टाकायचा, म्हणजे हवा फार कोरडी होत नाही. असं करत वेळ हळूहळू वाढवायचा. बँडवाल्यांना सीझनच्या तोंडावर एवढा धीर नसतो, म्हणून ते वाद्य माझ्याकडे ठेवतात. मी कलाकार नाही. मला स्वर लांबवता येतात, आणि रुळवायला तेवढंच लागतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी मी आमच्या जुळे सोलापूर भागातल्या एका निवृत्त साहेबांची गोष्ट सांगते. त्यांनी हौसेनं लाकडी क्लॅरिओनेट आणलं. माझ्या सूचनांचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “मॅडम, लाकूड आहे हे. नवरी आहे का, लाजायला?” दुसऱ्या दिवशी सकाळभर वाजवलं, मग कौतुकानं मला दाखवायला निघाले. वाटेत भाजी घ्यायला थांबले आणि पेटी स्कूटरच्या सीटवर ठेवली, भर उन्हात. दुकानात पेटी उघडली तेव्हा आम्ही दोघांनी तो आवाज ऐकला. टक्. वाळलेली चिंच मोडावी तसा. वरच्या भागावर केसाएवढी रेघ उमटली आणि आमच्या डोळ्यांदेखत बोटभर लांब झाली. साहेबांनी त्या रेघेवरून नख फिरवलं. नंतर हळूच म्हणाले, “ओरडल्यासारखं वाटलं हो.”

मी त्यांना म्हटलं, लाकूड आहे ते. ओरडत नाही.

हे वाक्य मी आता कुणाला म्हणत नाही. त्याचं कारण हणमंतमास्तर.

हणमंतमास्तर टेंभुर्णीकडच्या एका बँडचे क्लॅरिओनेटवाले. दर सीझनला यायचे आणि दारातूनच तक्रार सांगायचे, “ताई, पाणी बोलतंय.” म्हणजे स्वरामध्ये गुळगुळ आवाज येतोय. श्वासाची वाफ नळीत थंड होते, तिचं पाणी होतं आणि ते नळीच्या सगळ्यात खालच्या बाजूनं ओघळत जातं. माणूस वाद्य जसं धरतो तशी त्या पाण्याची वाट ठरते. सरळ धरणाऱ्याची वाट मधोमध. मास्तरांची मान डावीकडे झुकलेली होती, त्यामुळे वाद्यही तिरकं, आणि पाणी डाव्या अंगानं जाऊन बाजूच्या एका भोकात साचायचं. लहानपणी ते वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचे. कोवळ्या मानेवर त्या बत्तीचं वजन बसलं ते कायमचं. एवढ्या वर्षांत डाव्या अंगानं पाणी जाणारं वाद्य माझ्याकडे दुसरं आलेलं नाही. त्यांचं वाद्य डोळे मिटून मी ओळखलं असतं.

त्यांचं जुनं क्लॅरिओनेट एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात त्याचा सांधा तुटला आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाकडाचं मागवलं, माझ्यामार्फत. जुनं वाद्य दुकानात ठेवलं आणि त्याचं माऊथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, काढून माझ्या हातात दिलं. वरच्या बाजूला त्यांच्या दातांच्या दोन खाचा पडलेल्या. “नव्याला ह्येच लावा ताई. माज्या दातांना सवय झालीया. नवीन लावलं तर परक्याच्या घरात जेवल्यागत वाटंल.”

नवं वाद्य यायच्या आधीच मास्तर गेले. होळीच्या सुमारास, छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

वाद्य पाडव्यानंतर आलं. मी फोन केला तर त्यांची मुलगी अश्विनी आली, आणि तिच्याबरोबर बाबूराव. बाबूराव मास्तरांच्या बँडचे मोठे ढोलवाले आणि आता मालकही. अश्विनी त्यांना मामा म्हणते. तिला मास्तरांनी लहानपणापासून वाजवायला शिकवलं होतं. मी ऐकलंय, चांगलं वाजवते. तिला वडिलांच्या जागी उभं राहायचं होतं, आणि बाबूरावांना ते जड जात होतं.

“पोरगी वाजवती ग्वाड,” बाबूराव म्हणाले. “म्या न्हाय म्हणत न्हाय. पर वरातीत सगळ्यांच्या म्होरं बाई बगून लोक काय म्हणत्याल?”

“लोक नाचत असतात, बाबूराव. नाचणारा माणूस वाजवणाऱ्याचं तोंड बघत नाही.”

“तुमी शहरातल्या ताई. आमच्याकडं समदं बगत्यात.”

“मामा, माझ्याकडं बघतील आणि गप बसतील,” अश्विनी म्हणाली. “अण्णांकडं बघून हसायचेच की लोक, वाकड्या मानेला. पहिला सूर लागला की गप.”

शेवटी बाबूरावांनी अट घातली. अक्षय तृतीयेच्या लग्नात तिनं नव्या वाद्यावर वाजवायचं. जमलं तर जागा तिची. नाही जमलं, किंवा वाद्य मध्येच फाटलं, तर ते बार्शीचा माणूस आणणार आणि मग बँडमध्ये पुन्हा तिचा विषय निघणार नाही. अश्विनीची आई वर्षभर घरात वाद्य वाजू देणार नव्हती, दुखवट्याचं घर म्हणून. तेव्हा रुळवायचं काम माझ्याकडे राहिलं, आणि तारीख जवळ होती.

निघताना बाबूराव दारात थांबले. “ताई, मास्तरचं माऊथपीस हितंच हाय न्हवं?”

“आहे. नेता का?”

ते दोन पावलं मागं सरले. बँडवाल्यांत एक रीत आहे, ती मला ठाऊक होती: वाजवणारा गेला की त्याचं माऊथपीस राखेबरोबर नदीत सोडायचं. ते दुसऱ्यानं तोंडाला लावायचं नसतं. मास्तरांचं माझ्याकडे राहिल्यामुळे ते सोडायचं राहून गेलं होतं.

“आता न्हाय नेणार. येळ गेली. पर त्ये नव्याला लावू नगा, एवडं ऐका.”

मी मान हलवली, आणि ते गेल्यावर तेच लावलं. नव्या वाद्याच्या सांध्यावरचं बूच मी त्याच मापाला घासून ठेवलं होतं. शिवाय मास्तरांनी स्वतः सांगितलेलं. रीतीपेक्षा मला माप महत्त्वाचं वाटतं. गरम पाण्यानं धुतलं, सूर काढणारी वेताची नवी पट्टी बांधली, पहिल्या दिवशीचे थोडे स्वर वाजवले, पुसलं, सांधे सुटे केले, कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून ओलं होतं.

मला वाटलं, पुसायचं राहिलं असेल. असं मी विसरत नाही, पण माणूस आहे. त्या दिवशी दोनदा पुसलं. पुढच्या सकाळी पुन्हा फडकं ओलं आलं. बाहेर एवढी कोरडी हवा होती की टेबलावर सांडलेला चहा बशी उचलेपर्यंत वाळत होता.

घरी यजमानांना सांगितलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण वायरीत किंवा पाण्यात सापडतं. “मोसंबीची साल. तूच टाकतेस ना? तिचंच पाणी.” मी साल काढली. सकाळी ओलं. “कपाटामागची भिंत ओलसर असेल.” कपाट बदललं. सकाळी ओलं. “मग घरी आण, फ्लॅटमध्ये. इथे तर नळालाही पाणी येत नाही, वाद्याला कुठून येणार?” पेटी घरी आणली, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवली. सकाळी यजमानांनीच उघडून फडकं ओढलं, हातात धरून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं.

“एकदा एक गोष्ट बदलायची,” ते म्हणाले. “अजून काय बदलायचं राहिलंय?”

मला आठवेना. चहा झाल्यावर ते म्हणाले, “हे दुकानात घेऊन जा. आजच.”

त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट केली. तोपर्यंत मी ओल पुसत होते, पाहत नव्हते. वरचा भाग खिडकीकडे धरून आतून पाहिलं. नवं लाकूड आतून एकसारखं काळं, मंद दिसतं. पाणी रोज जायला लागलं की त्याची वाट चकचकीत होते, गोगलगाय गेल्यासारखी. माझी वाट मधोमध असायला हवी होती, कारण मी सरळ धरते. मधोमध फिकट रेघ होती. आणि तिच्या शेजारून, वरपासून खालपर्यंत, एक ठळक वाट डावीकडे वळत त्या बाजूच्या भोकात उतरली होती.

मी वाद्य खाली ठेवलं आणि हात धुतले. का धुतले ते माहीत नाही.

आता भीतीचं म्हणाल तर मला सर्वांत आधी लाकडाची वाटली. हे खोटं नाही. एका नव्या वाद्यात दोन वाटांनी पाणी मुरत होतं आणि बाहेर एप्रिल होता. माझं वाजवणं आणि ते दुसरं, मिळून दुप्पट. रोज सकाळी कपाट उघडताना मी आधी बाहेरून बोट फिरवायची, केसाएवढी रेघ लागते का ते बघत. साहेबांच्या वाद्याचा तो टक् आवाज कानात बसलेला. हे फाटलं तर अश्विनीची जागा गेली. म्हणून मी माझं वाजवणं बंद केलं. फक्त पुसायची.

आमच्या शेजारी चादरींचे माग आहेत. दिवसभर त्यांचा एवढा खडखडाट असतो की दुकानात आम्ही ओरडूनच बोलतो. एका दुपारी वीज गेली आणि माग थांबले. उन्हानं रस्ता रिकामा. शटर अर्धं खाली ओढून मी डबा खायला बसले होते. माग थांबल्यावर पहिल्यांदा कानात नुसतं घुमत राहतं, मग हळूहळू बारीक आवाज ऐकू यायला लागतात. मला कपाटातून श्वास ऐकू आला.

सूर नव्हता. वाजवण्याआधी वाजवणारे लाकडात नुसती गरम हवा सोडतात, आवाज न काढता, लाकूड ऊबदार करायला. तसा. लांब, सावकाश, मध्ये थांबून. आणि मग चाव्यांच्या गाद्या भोकांवर बसतात तसा मऊ टप, टप, टप. बोटं मोकळी करून घेतल्यासारखा.

मी घास हातात धरून बसून राहिले. ओरडायला शेजारी माणूस होता, पण ओरडून सांगणार काय? थोड्या वेळानं आवाज थांबला. मग उठले आणि कपाट उघडलं. सांधे मी सुटे करून ठेवले होते, तसेच सुटे होते, आपापल्या खाचेत. हात लावून पाहिला. त्या दुपारी सोलापुरात प्रत्येकच वस्तू गरम होती, त्याचं काही नाही. पण माऊथपीसजवळचा भाग तापलेला, मधला कोमट आणि खालचा भोंगा गार होता. उन्हानं असं होत नाही. असं फक्त फुंकल्यानं होतं.

माग पुन्हा सुरू झाले तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी शेजारच्या मागवाल्याला जाऊन विनाकारण विचारलं, “जेवलात का?” तो म्हणाला, “ताई, काय झालं? रोज तर आवाजाला शिव्या देता.”

अक्षय तृतीया आठवड्यावर आली तेव्हा मी अश्विनीला बोलावलं. बाबूरावही आले. मी तिला सगळं सांगणार होते, पण आधी वाद्य दाखवायचं म्हणून पेटी उघडली आणि बाबूरावांचं लक्ष माऊथपीसवर गेलं. त्यांनी दातांच्या खाचा ओळखल्या.

“ताई, ह्ये मास्तरचं हाय! लावू नगा म्हणलो हुतो की!”

यजमान म्हणाले होते, अजून काय बदलायचं राहिलंय. तेव्हा कुठे मला उत्तर सापडलं.

मग मी सांगितलं. ओल, डावी वाट, कपाटातला श्वास. सांगताना मला वाटलं अश्विनी रडेल किंवा हसेल. तिनं फक्त हात पुढे केला. “द्या मावशी. बघू दे.”

तिनं सांधे जोडले. मी म्हटलं, तुझं माऊथपीस आणलंयस ना, ते लाव. तिनं ऐकलं नाही. सरळ उभी राहिली, एक खालचा सूर लावला. चांगला होता, पण सुराखाली पाणी गुळगुळलं. तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि मग हळूच मान डावीकडे झुकवली.

त्यानंतर जे वाजलं ते मी आधी दुकानात पुष्कळदा ऐकलं होतं. दुरुस्ती झाली की मास्तर वाजवून बघायचे तो तुकडा, सूर लावताना शेवटी जरा खाली सरकवून पुन्हा उचलायची ती त्यांची लकब. महिन्याभरात कुठलंही नवं लाकूड इतकं मोकळं होत नाही. जुनं, मुरलेलं वाद्य वाजावं तसं वाजत होतं. बाबूराव दारातल्या स्टुलावर मटकन बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मास्तर,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

अश्विनीनं वाद्य खाली घेतलं. तिची मान अजून डावीकडेच होती. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती सरळ झाली, झोपेतून उठल्यासारखी.

“पोरी, आता म्या काय म्हणत न्हाय,” बाबूराव टोपी परत डोक्यावर ठेवत म्हणाले. “असंच वाजीव. कुटली बार्शी अन् कुटला कोण. असं वाजिवलंस तर जल्मभर जागा तुजी. म्या सोता म्होरं चालतो.”

तिला जे हवं होतं ते समोर आलं होतं, मागायच्या आधी. मी कामाची गोष्ट तिच्यासमोर ठेवली, कारण ती मलाच ठाऊक होती. म्हटलं, “हे असंच घेऊन गेलीस तर तुला मान वाकडी धरूनच वाजवावं लागेल, कायम. सरळ धरून वाजवलंस तर दोन वाटांनी पाणी जाईल आणि कधीतरी हे फाटेल, कदाचित लग्नातच. नाहीतर मी आतून बदामाचं तेल देते. तेल लाकडात मुरलं की जुनी वाट पुसली जाते. मग तुझं तू नव्यानं सुरू करायचं, तुझ्या माऊथपीसनं. स्वर एवढा मोकळा राहील की नाही, सांगता येत नाही. आणि हे जे आहे ते परत येणार नाही.”

“पुसू नगा ताई,” बाबूराव मध्येच म्हणाले. “पाया पडतो. मानूस पुसल्यागत हुईल.”

अश्विनी बराच वेळ माऊथपीसवरच्या त्या दोन खाचांवरून अंगठा फिरवत राहिली.

“मामा, अण्णांनी मला कशावरून मारलंय सांगू? सूर चुकला म्हणून कधी न्हाय. मान वाकडी झाली की पाठीत धपाटा. हनुवटीखाली पट्टी धरून बसायचे. म्हणायचे, माझ्या डोक्यावर बत्ती होती, तुझ्या डोक्यावर काय हाय?” तिनं माऊथपीस फिरवून काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “पुसा मावशी.”

बाबूराव उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मी तिच्यासमोरच तेल दिलं. वाटीत बदामाचं तेल, एक लांब पीस, आणि आतून फिरवत वरपासून खालपर्यंत. डावीकडची वाट पहिल्या हाताला तशीच राहिली. दुसऱ्या हाताला फिकी झाली. तिसऱ्याला आतलं सगळं एकसारखं काळं दिसायला लागलं. अश्विनी खिडकीकडे धरून पाहत होती. “गेलं,” ती म्हणाली, आणि मग नाक पुसलं.

माऊथपीसचं काय करायचं, विचारलं. घरी नेलं तर आई झोपणार नाही, आणि नदीला न्यायला बाबूराव तयार नव्हते. ती म्हणाली, “अण्णांच्या जुन्यालाच लावा ना. त्याचं त्याला.” जुनं क्लॅरिओनेट भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं होतं. मी त्याचा सांधा कधीच जोडला होता, पण न्यायला कुणी आलं नव्हतं. माऊथपीस त्यालाच लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वाद्यातून फडकं ओढलं. कोरडं आलं. त्यानंतर रोज कोरडंच. अश्विनी त्या आठवड्यात रोज टेंभुर्णीहून बसनं यायची, माझ्यासमोर ठरलेला वेळ वाजवायची, मान सरळ. पहिले दोन दिवस आवाज बंद डब्यासारखा येत होता आणि ती ओठ चावत होती. तिसऱ्या दिवशी खालचे स्वर सुटले. मी आतून पाहिलं तेव्हा मधोमध एक बारीक चकचकीत रेघ सुरू झाली होती.

लग्नाच्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसले होते. टक् असा आवाज इतक्या लांबून ऐकू येणार नाही हे कळत होतं, तरी. दुपार टळल्यावर बाबूरावांचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला, मागे ढोल वाजत होता. “ताई, वाजिवलं. फाटलं न्हाय. मास्तरवानी न्हाय वाजिवलं, खरं सांगतो. तिचं तिनं वाजिवलं. लोक आदी बगत हुते, मग गप झाले.” थोडा वेळ नुसता ढोल. मग, “बार्शीवाल्याला न्हाय म्हणून सांगितलंया.”

तो निरोप मी यजमानांना ऐकवला. ते म्हणाले, “बघ, माऊथपीसच होतं शेवटी. एकदा एक गोष्ट बदलायची.” वायरीचा दोष सापडल्यासारखं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. मी दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं, देवापुढे दिवा लावला, यादीतली कामं एकेक करत गेले. भिंतीवरच्या वाद्यांची धूळ झटकताना हणमंतमास्तरांच्या जुन्या क्लॅरिओनेटला हात लागला. माऊथपीस कोमट होतं. मी ते खुंटीवरून काढून तिरकं केलं, तर डाव्या अंगाच्या भोकातून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला.

एबोनाइटला पाण्याचं भय नसतं. ते फुगत नाही, फाटत नाही, कितीही वाजवलं तरी चालतं. म्हणून मी ते पुसलं आणि परत टांगलं. अश्विनी सीझन संपला की वाद्य दाखवायला येते, तेव्हा भिंतीकडे एकदा पाहते. ती विचारत नाही, मीही सांगत नाही. विकायचं का म्हणून दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, त्यांना मी चहा दिला.

दुकान उघडल्यावर करायच्या कामांच्या यादीत गेल्या वर्षी मी एक काम वाढवलं. कुलूप, दिवा, झाडू, तेलाची वाटी, आणि सगळ्यात शेवटी: मास्तरांचं पुसणे.